मॅडमची कल्हई

आई,

काल दुपारी आपल्या गावातल्या मुली तुमसरला माझ्याकडे तुझा गंज, ते पंगतीचं मोठं पितळी पातेलं, मागायला आल्या, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं. तू जाऊन बरीच वर्षं झाली, आणि होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. माझं पत्र आलं की तू ते पोस्टमनकडून वाचून घ्यायचीस आणि वर त्यालाच म्हणायचीस, "इतकंच? मास्तरीन हाय ना गा ते? कागदाले तोटा हाय का तिले?" आता कागदाला तोटा नाही. निवृत्त झाले आहे, घरात कोरे कागद पुष्कळ आहेत, आणि लिहिण्याशिवाय दुसरं काही मला कधी नीट आलंही नाही.

मुली तिघी होत्या. दोन स्कूट्या फाटकाशी लावून ओसरीत उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. मी शाळेतल्यासारखं "बोला" म्हटलं. पुढे उभी होती तिच्या उजव्या पायातली चप्पल वेगळी होती, पुढून आखूड, मुद्दाम शिवून घेतलेली. आधी मला चप्पल ओळखू आली, मग चेहरा. आपल्या शेजारणीची नात. खाणीच्या ट्रकचं चाक जिच्या पावलावरून गेलं, आणि जिला पदरात गुंडाळून तू तुमसरच्या दवाखान्यात आणलं होतंस, ती. आता गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते म्हणे. बोलायला फटकळ आहे. आजीसारखी.

"मॅडम, मोठीमायचा गंज तुमच्याकडं हाय म्हणते," ती म्हणाली. सारं गाव तुला मोठीमायच म्हणायचं, अजून म्हणतं. "कल्हई झाली असन तं घेऊन जातो."

मागच्या दोघी फिसकन हसल्या. मी विचारलं, हसण्यासारखं काय झालं? एकीने दुसरीला कोपर मारलं. दुसरी तोंडावर हात धरून म्हणाली, "काही नाही मॅडम. गावात तसं बोलते. कोणी म्हटलं का नळ येऊन राहिला, तं म्हणते, व्हय, मॅडमची कल्हई."

"म्हणजे?"

"म्हणजे आश्वासन," आखूड चपलेवाली म्हणाली. ती हसली नव्हती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. गंज माळ्यावर आहे, काढायला माणूस लागेल, उद्या संध्याकाळी या, असं मी सांगितलं आणि दार लावून घेतलं. मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. इतकी वर्षं माझं नाव त्या गावात कोणत्या कामासाठी घेतलं जातं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

तुझ्या बाजूने तुला सगळं माहीत आहे, पण मला ते माझ्या बाजूने एकदा सरळ मांडायचं आहे. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची गोष्ट. खाणीचा माल रेल्वेपर्यंत नेण्याचं काम एका नव्या ठेकेदाराकडे आलं आणि त्याचे ट्रक गावाच्या ऐन मधून धावायला लागले. कालव्याच्या काठाने गावाबाहेरून रस्ता होता, पण तो लांबचा. डिझेल वाचावं म्हणून ट्रक आपल्या दारावरून. ती काळी धूळ वाळत घातलेल्या धानावर बसायची, विहारातल्या मूर्तीच्या पापण्यांवर बसायची. आपल्या अंगणातून आंबागडचा डोंगर दिसतो, तो ट्रकांची रांग गेली की पुसल्यासारखा नाहीसा व्हायचा. लोक कुरकुरत होते, बाकी काही करत नव्हते. मग त्या पोरीचं पाऊल गेलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू घरातली खाट उचलून रस्त्याच्या मधोमध टाकलीस आणि तिच्यावर जाऊन बसलीस.

हे मला तुमसरला बसच्या कंडक्टरने सांगितलं. "तुमच्या मायनं खाट टाकली बाप्पा रोडवर, आमाले बस फिरवून आणा लागली." माझा ऊर भरून आला होता. तेव्हा मी हायस्कुलात शिकवत होते, कॉलेजच्या दिवसांत मोर्चांत घोषणा दिल्या होत्या, आंदोलन म्हणजे काय ते आपल्याला कळतं असा माझा समज होता. वर्गात मी मुलींना तुझी खाट सांगितली. रविवारी पहिल्या बसने गावी आले.

आणि काय पाहिलं? रस्त्यावर ट्रक उभे आहेत, खाट आहे, बाया आहेत. आणि कडुनिंबाच्या सावलीत सगळे ड्रायव्हर ओळीने मांडी घालून पळसाच्या पत्रावळीवर जेवत आहेत. तीन दगडांच्या चुलीवर तुझा पितळी गंज रटरटतो आहे. तू पदर खोचून वाढते आहेस. "घे ना गा, लाजून कायले राहिला? तुह्या मायनं उद्या विचारलं तं मी काय सांगू?" तो बालाघाटकडचा म्हातारा ड्रायव्हर, दाढीवाला, "बस माताजी, बस" म्हणत पत्रावळीवर आडवा हात धरतो आणि तू त्याच्या बोटांच्या फटीतून लाखोळीच्या डाळीचं वरण ओततेस. बाया हसत आहेत.

मी विचारलं, "आई, हे काय चाललं आहे?"

"रस्ता रोको," तू म्हणालीस.

तुझं म्हणणं असं की दारात अडवलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नसतं. मग तो पाहुणा असो की गाडीवाला. संध्याकाळ झाली की तू खाट उचलायचीस, कारण त्याइच्या घरी लेकरं वाट पाहून राहिली असन. खाट उचलली की सगळे ट्रक एकामागून एक जायचे, हॉर्न वाजवून तुला नमस्कार करत. पुढे पुढे तर ड्रायव्हर जेवणाची वेळ साधूनच गावात शिरायला लागले. ठेकेदाराचा मुन्शी येऊन तुझ्या पाया पडायचा आणि "माताजी, आठ दिन में टँकर चालू, धूल खतम" असं सांगून जायचा. तू पुढचे आठ दिवस खाट घरात ठेवायचीस. टँकर यायचा, रस्त्यावर पाणी मारायचा, फोटो निघायचे, पुन्हा येत नसे. तू पुन्हा खाट काढायचीस. असा तो पावसाळा गेला, धान लावायचा रोवणा गेला, धान निघालं, उन्हाळा लागला. ट्रक गावातूनच जात होते.

तो साहेब आठवतो? त्या वेळी माझा संयम सुटला. तहसीलमधून कोणीतरी अधिकारी आला. मी मुद्दाम रजा टाकून आले होते. निवेदन मी लिहून आणलं होतं, खाली त्याच्यासाठी एकच ओळ: ट्रक कालव्याच्या रस्त्याने वळवण्याबद्दल अहवाल पाठवतो, आणि सही. मी त्याच्यापुढे कागद धरणार, तेवढ्यात तू त्याच्यापुढे पत्रावळ मांडलीस. आलू-वांग्याची भाजी, वर चिरलेला हिरवा सांबार, बाजूला जवसाची चटणी. तो मिटक्या मारत जेवला. म्हणाला, माझ्या आईच्या हातची आठवण झाली. जीपमधून पाण्याचा जग आणवून त्याने हात धुतला, घड्याळ पाहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेला. कागद माझ्या हातातच.

"साहेब जेवून गेला, सही न करता!" मी ओरडले.

"हात उष्टा होता ना वो त्याचा," तू म्हणालीस. "उष्ट्या हातानं सही कशी करन?"

बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. तूही हसलीस. मला त्या हसण्यात भाग घेता आला नाही, आणि आजही येणार नाही. तू वाईट पुढारी होतीस, आई. हे मी मेलेल्या आईबद्दल लिहिते आहे आणि खोडत नाही. तुझ्यावर माणसांचा जीव होता, तुझ्या हाकेला अख्खी बायकांची आळी उभी राहायची, आणि त्या जोरावर तू त्या ठेकेदाराकडून बादलीभर पाण्यापलीकडे काही काढू शकली नाहीस, कारण समोरच्याला अवघडल्यासारखं वाटलेलं तुला बघवत नसे. त्या पोरीची आजी रोज येऊन बसायची. तिला टँकर नको होता. तिला रस्ता वळलेला हवा होता.

माझी चूक तुला वाईट पुढारी म्हणण्यात नव्हती. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जे केलं त्यात होती.

विहाराच्या अंगणात सभा. मी खुर्चीवर, तू खाली बायांत. मी म्हणाले, उद्यापासून हे आंदोलन शिस्तीत चालेल. पाळ्या लावल्या. घोषणा ठरवून दिल्या. संध्याकाळी कोणी उठायचं नाही. ड्रायव्हरशी बोलायचं नाही, त्यांना चहा नाही, पाणी नाही, जेवण नाही. मग मी तुझ्याकडे पाहून, सगळ्यांसमोर, म्हणाले, "आई, तू आता बाजूला बस. ही पंगत बंद."

तू क्षणभर माझ्याकडे बघत राहिलीस. वर्गात एखाद्या मुलाला नाव घेऊन उभं केलं की तो बघतो तसं. मग म्हणालीस, "बसतो बाप्पा. मी कायले मंधात येऊ?" आणि खरंच सरकून भिंतीशी बसलीस. जिथे बसली होतीस तिथली बाई तुझी जागा भरायला पुढे सरकली नाही. मला ते दिसलं होतं. मी पुढचा मुद्दा घेतला.

तरी सकाळी तू चूल पेटवलीच. सवयीने पेटवली असशील. गंजात आधण ठेवलं होतंस. मी तुमसरहून आलेला ऑटो परत जाताना थांबवला, आधण ओतून दिलं, त्या ऑटोवाल्याला एका कडीला धरायला लावलं आणि गंज आत टाकला. गरम होता, माझ्या तळहाताला चटका बसला. बायांनी विचारलं, कुठे नेता? काहीतरी सांगायला हवं होतं. "कल्हईला," मी म्हणाले. "आतून पिवळा दिसायला लागला आहे. खाणाऱ्याला विषबाधा होईल." तू गंजात डोकावून पाहिलंस. कल्हई चांगली होती; तू दिवाळीलाच करून घेतली होतीस.  नुसतं म्हणालीस, "झाकण घरी हाय. तेही नेतं का?"

दुपारी तो दाढीवाला ड्रायव्हर उन्हात येऊन उभा राहिला. "माताजी, पानी तो पिला दो." तू तांब्या भरून उठलीस. मी वाटेत आडवी झाले. तुझ्या हातातून तांब्या घेतला आणि रस्त्यावर ओतला. धुळीत पाण्याचा काळा डाग पडला आणि बघता बघता सुकला. कोणी हसलं नाही. तो म्हातारा माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघून "कोई बात नहीं" म्हणाला आणि ट्रकच्या सावलीत जाऊन बसला.

आता माझं आंदोलन कसं मोडलं ते सांगते. तुला दिसलंच होतं, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस. पोलीस आले नाहीत, लाठी चालली नाही. नंतर पेपरात मी दबाव आला असं लिहिलं, तसा कोणताही दबाव आला नाही. जेवणाची वेळ झाली आणि बाया उठल्या. त्या सगळ्या मजुरीच्या बाया. दिवस बुडवून रस्त्यावर बसल्या की घरची चूल पेटत नसे, आणि आजवर त्यांची पोरंसुद्धा त्या गंजातलंच जेवत होती. मी पत्रावळीवर फक्त ड्रायव्हर पाहिले होते. ओळीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसायचं ते मी पाहिलंच नव्हतं. त्या सांगून गेल्या, "मॅडम, लेकराइले टाकून येतो दोन घास." काही आल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी आल्या. मग तू, मी, शेजारीण आणि विहारातला कुत्रा. मुन्शीने लांबूनच पाहिलं आणि हात हलवला, आणि ट्रक आमच्या कडेने, धानाच्या मोकळ्या बांधीत चाक उतरवत, निघून गेले. तुझं आंदोलन पोटभर जेवून हरत होतं. माझं उपाशी हरलं.

मी तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. जून लागत होता, शाळा उघडणार होती, आणि मी हात हलवत परत जाऊ शकत नव्हते. मी त्याच साहेबाकडे गेले आणि एक कागद घेऊन आले. त्यावर सही होती, शिक्का होता, आणि मजकूर होता: योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. मी इतकी वर्षं कार्यालयीन पत्रव्यवहार केला होता. त्या वाक्याचा अर्थ मला ठाऊक होता. तरी मी तो कागद विहारात वाचून दाखवला, विजय झाला असं सांगितलं, टाळ्या वाजवायला सांगितल्या. शेजारणीने विचारलं, "म्हणजे उद्यापासून गाड्या नाही येत?" मी म्हणाले, थोडा वेळ लागेल. तू भिंतीशी बसली होतीस. टाळ्या तूही वाजवल्यास. सगळ्यांत आधी वाजवल्यास, मला एकटं पडू न देण्यासाठी, आणि मी ते वर्षानुवर्षं तुझं भाबडेपण समजले.

गंज माझ्याकडेच राहिला. सुरुवातीला मी तो खरंच परत आणणार होते. पण परत आणणं म्हणजे पंगत पुन्हा सुरू, आणि पंगत सुरू म्हणजे मी चुकले. म्हणून तू विचारलंस, "गंजाची कल्हई झाली का वो?" की मी म्हणायचे, कल्हईवाला गावाला गेला आहे. पुढच्या वेळी त्याची बायको आजारी. मग कथील मिळत नाही. एवढ्या सबबी मी कोणा विद्यार्थ्याच्या ऐकून घेतल्या नसत्या. गावात लग्नं झाली, बारशी झाली, लोक गंज मागायला तुझ्या दारात आले, आणि तू त्यांना जे सांगितलंस ते आज मला त्या मुलीकडून कळलं: "कल्हईले गेला हाय. चांगल्या कल्हईवाल्याकडं देल्ला माह्या पोरीनं, त्याच्याकडं नंबर लागते." तू माझी सबब इतक्या निष्ठेने चालवलीस की तिची म्हण झाली.

आणि तुला माहीत होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू माझ्याकडे येऊन राहिलीस, तेव्हा मी तुला माळ्याच्या खोलीत निजवलं, कारण तीच खोली मोकळी होती. गंज वरच होता. मी त्यात जुन्या उत्तरपत्रिका कोंबल्या होत्या. तू गावी गेल्यावर पांघरुणं वर ठेवायला मी स्टूल घेतलं आणि पाहिलं तर गंज उपडा घातलेला, पुसून लख्ख, आणि उत्तरपत्रिका शेजारी तुझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधून ठेवलेल्या. भांडं रिकामं असलं की तोंड वर ठेवू नये, असं तू म्हणायचीस. एका डोळ्याला पट्टी असताना स्टुलावर चढून तो गंज तू एकटीने कसा फिरवलास, कोण जाणे. बस स्टँडवर मी तुला सोडायला आले होते तेव्हा तू सवयीप्रमाणे विचारलं होतंस, "कल्हई?" मी म्हणाले होते, या महिन्यात नक्की. तू म्हणालीस, "घाई नाही बाप्पा," आणि खिडकीतून माझा हात दाबलास.

त्या दिवशी मी गंज घेऊन पुढची बस पकडायला हवी होती. पकडली नाही. मग तू गेलीस. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला भात कशात शिजवायचा असा प्रश्न निघाला आणि म्हाताऱ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. तुझ्या फोटोला हार घातलेला होता, मेणबत्ती जळत होती, आणि मी म्हणाले, "कल्हईला आहे." तुमसरच्या टेंट हाऊसमधून स्टीलची पातेली आणली. भात तळाला लागला.

काल रात्री झोप नव्हती, म्हणून आज सकाळी बाजार उघडताच कल्हईवाल्याच्या शोधात निघाले. भांडे गल्लीत मी विचारलेल्या पहिल्या दुकानदाराला शब्दच समजला नाही. दुसऱ्याने सांगितलं, "अवो मॅडम, ते तं केव्हाचे बंद झाले. आता पितळ कोण वापरते? स्टील घेऊन जा." जी सबब मी इतकी वर्षं खोटी सांगितली ती आज खरी झाली होती, आणि सांगायला कोणी नव्हतं. घरी येऊन शेजारच्या माणसाकडून गंज उतरवून घेतला. आतली कल्हई आपोआप गेलेली होती. तळ पिवळाधमक.

संध्याकाळी त्या आल्या, या वेळी मालवाहू ऑटो घेऊन. मी आखूड चपलेवालीला विचारलं, गंज कशाला हवा आहे? मला वाटलं लग्न असेल.

"ट्रक अडवाले," ती म्हणाली.

ट्रक अजून गावातूनच जातात, हे मला माहीत होतं. माहीत असून मी तिकडे जाण्याचं टाळत होते. मी लगेच म्हणाले, निवेदन मी लिहून देते, माझ्या ओळखीने पेपरात... तिने मला बोलू दिलं, वाक्य संपू दिलं, मग म्हणाली, "राग नका मानू मॅडम. मोठीमायनं जेवू घातलं, तुमी कागद आणला. गाड्या दोन्ही बारी गेल्याच ना? आमी रस्ता नाही अडवून राहिलो. आमी काट्यावर बसून राहिलो."

गावाच्या टोकाला ट्रक वजन करायचा काटा आहे, जमिनीत बसवलेली मोठी लोखंडी पाटी. तिथली वजनाची चिठ्ठी असल्याशिवाय भरला ट्रक रेल्वेवर माल उतरवू शकत नाही. या बाया रस्ता मोकळा सोडणार. फक्त पाटीवर बसणार, आणि चूलही पाटीवरच पेटवणार. "रेतीचा थर टाकतो खाली, त्याच्यावर तीन गोटे, त्याच्यावर गंज," ती सांगत होती. "गाडी आली तं या म्हणा, चढवा. आमच्यासकट मोजा." मागची हसत म्हणाली, "वांग्याच्या भाजीसकट!" कालव्याच्या रस्त्याचा लेखी आदेश निघून पहिला ट्रक तिकडून गेल्याशिवाय उठायचं नाही, आणि जेवण तिथेच, सगळ्यांचं, पोराबाळांचं, ड्रायव्हरांचंही.

मी बावीस मुद्दे काढू शकले असते. एकही काढला नाही. हे चालेल की नाही, मला ठाऊक नाही. पण ती बोलत असताना मला प्रथमच असं वाटलं नाही की हिच्या हातून घेऊन आपण करावं.

मी विचारलं, "मी येऊ का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या ना. पण माइक नाही भेटणार, मॅडम. कांदे चिरा लागन."

"येते," मी म्हणाले.

मग दोघींनी गंजाच्या कड्या धरल्या. आपल्याकडे मागून आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. तळाशी मूठभर तांदूळ टाकतात. मी चांगले पसापसा तांदूळ टाकले होते. ती म्हणाली, "इतके कायले?" आणि तांदूळ पाहायला तिने हात आत घातला. तांदूळ बाजूला सरले आणि तिच्या बोटांमागे उघडं पितळ दिसलं. ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. हात झटकला, मोबाइल काढला आणि कोणाला तरी म्हणाली, "भाऊ, मंगळवारच्या बाजारात येऊन राहिले ना? एक मोठा गंज हाय कल्हईचा. हो, चांगला मोठा." एवढंच. तो कल्हईवाला मोटरसायकलवर गावोगाव फिरतो म्हणे. फोन ठेवून तिने ऑटोवाल्याला सांगितलं, "हळू घे गा, मोठीमायचा हाय."

 त्या वेळीही तिला खरं सांगता आलं असतं. ते मी इथे लिहिते, जिथे तुला वाचता येत नाही. मला सवय आहे, काही दिलं-घेतलं की नोंद ठेवायची. मुलीकडून सही घेतलेल्या पोचपावतीवर मी फक्त "गंज एक" लिहिलं. पुरी नोंद ही:

पितळी गंज एक, दोन्ही कड्यांसह. झाकण नाही, ते गावीच राहिलं, मी नेलं नव्हतं.
कल्हई नाही. कल्हईला कधी दिलाच नव्हता.
तांदूळ, गंजाचा तळ झाकेल इतके. रीत म्हणून टाकले असं मुलींना वाटलं. तळ दिसू नये म्हणून टाकले होते.